गाडी पुसू नका, धुवा!

येत्या दसऱ्याला झेंडूची माळ घालताना बॉनेटकडे जरा उन्हात बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतील. ते हायवेवर नाही पडले हो, आपल्याच पार्किंगमधे पडलेत. रोज सकाळी, कोरड्या फडक्याने.

रंगावरचा पारदर्शक थर (क्लिअर कोट) जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. आणि आपल्या नाशिकची धूळ म्हणजे बेसॉल्टची भुकटी, वर बांधकामाची वाळू. वाळूतलं क्वार्ट्झ काचेवरही चरे पाडतं. ते फडक्याखाली घासलं की झाला पॉलिश पेपर तयार!

म्हणून जुना बनियन, पिसांचा झाडू, सगळं बाद. (भांड्यांची घासणी वापरणारे महाभागही पाहिलेत. असो.) आधी नुसतं पाणी ओतून माती वाहू द्यायची. मग लांब धाग्यांचा मायक्रोफायबर हातमोजा, कण त्याच्या धाग्यांत शिरतात, रंगावर कमी फरफटतात. वरून खाली यायचं. एक बादली साबणाची, दुसरी मोजा खळबळायला. गंगापूर धरण रिकामं करायची गरज नाही.

आमच्या सोसायटीतले काका पहाटे वीसेक गाड्या एका बादलीत उरकतात. त्यांना काय दोष देणार? दहा लाखांच्या गाडीसाठी आपण महिन्याला एका पिझ्झाएवढे पैसे देतो, वर फडकंही त्यांचंच. मी दोन मोजे आणून दिले. म्हटलं, "रोज नको काका, आठवड्यातून दोनदाच धुवा, पैसे तेवढेच."

काका म्हणाले, "मग बाकीच्यांनाही सांगा ना साहेब."

सांगतोय.