सेंद्रिय शेती : बाजारपेठ आहे, हमी कोठे आहे?

(प्रतिनिधी)

पुणे - कोथरूड, औंध किंवा कल्याणीनगरच्या एखाद्या दुकानात 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी लावलेला इंद्रायणी तांदूळ, गूळ आणि डाळी आता सहज मिळतात. शेजारच्या साध्या मालापेक्षा दर चढा असतो, तरीही घेणारे घेतात. त्याच वेळी पुरंदर, भोर किंवा मुळशीहून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आलेला, रासायनिक खते न वापरता पिकविलेला भाजीपाला मात्र इतर मालाच्या रांगेतच विकला जातो. तेथे भाव ठरतो तो रंग, आकार आणि ताजेपणावर. माती कशी राखली, हे विचारण्याची सोय लिलावात नाही. एकाच शहरातील या दोन दृश्यांमधील अंतर हाच सेंद्रिय शेतीपुढील आजचा खरा प्रश्न आहे.

पद्धती घरच्याच

सेंद्रिय शेतीची तंत्रे महाराष्ट्राला बाहेरून आणावी लागलेली नाहीत. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी विटांच्या हवेशीर टाक्यात काडीकचरा, माती आणि थोडेसे शेण यांचे थर देऊन कंपोस्ट करण्याची 'नाडेप' पद्धत विकसित केली. शेण कमी आणि खत जास्त, हे तिचे वैशिष्ट्य. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ने शेतकऱ्याला आपल्याच शेतात प्रयोग करायला शिकविले. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांच्या जीवामृताची कृती तर आज देशभर पोचली आहे. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती कालवून ते आंबविले, की एका एकराची सोय होते. पाळेकर यांना २०१६ मध्ये 'पद्मश्री' मिळाली.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पाळेकर स्वतःच्या पद्धतीला 'नैसर्गिक शेती' म्हणतात आणि सेंद्रिय शेतीतील गांडूळ खताला त्यांचा विरोध आहे. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र दोन्हींचा अर्थ एकच, तो म्हणजे विषमुक्त अन्न. शासनाची भाषाही बदलते आहे. विदर्भातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशनचे नंतर 'नैसर्गिक शेती मिशन' झाले आणि त्याची व्याप्ती राज्यभर वाढविण्यात आली. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. साडेसात लाख हेक्टर क्षेत्र आणि एक कोटी शेतकरी हे त्याचे उद्दिष्ट आहे.

लाभ आणि त्याची किंमत

खते-औषधांवरचा रोख खर्च घटतो, जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढतो, पाणी धरून ठेवण्याची मातीची क्षमता सुधारते आणि फवारणी करणाऱ्याच्या जिवाचा धोका टळतो. हे लाभ खरे आहेत. मात्र, उत्पादन घटत नाही, असा प्रचार करणे शेतकऱ्याची दिशाभूल करण्यासारखे आहे. 'नेचर' या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार सेंद्रिय शेतीचे उत्पादन पीक आणि परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्क्यांनी कमी असते. कडधान्ये आणि फळबागांत ही तूट कमी, तर धान्य आणि भाजीपाल्यात जास्त भासते. शिवाय शेणाचा प्रश्न आहेच. ट्रॅक्टर आला, तसे गोठे रिकामे झाले. देशी गोवंशाची देशातील संख्या २०१२ ते २०१९ या काळात सुमारे सहा टक्क्यांनी घटली, असे पशुगणना सांगते.

घाईचा परिणाम काय होतो, हे श्रीलंकेने दाखवून दिले. तेथील सरकारने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. भाताचे आणि चहाचे उत्पादन कोसळू लागताच काही महिन्यांतच हा निर्णय फिरवावा लागला. बदल हवा, तो टप्प्याटप्प्याने आणि शेतकऱ्याला आधार देऊनच, हाच त्याचा अर्थ.

मधली वर्षे कोण सोसणार?

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार हंगामी पिकांसाठी साधारणतः दोन आणि फळबागांसाठी तीन वर्षांचा रूपांतरण काळ ठरलेला आहे. या काळात उत्पादन घटते. पण माल पूर्ण 'सेंद्रिय' म्हणून विकता येत नाही. म्हणजे तोटा आधी, भाव नंतर! दोन-तीन एकराच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे अंतर ओलांडणे कठीण जाते. केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपयांची तरतूद आहे. त्यातील १५,००० रुपये निविष्ठांसाठी शेतकऱ्याला मिळतात. हिशेब केला, तर एकरी वर्षाला सुमारे दोन हजार रुपये. उत्पादनातील घट भरून काढण्यास ही रक्कम अपुरी आहे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

निर्यातीचा धडा

निर्यातीकडे पाहून अनेकांनी या शेतीची वाट धरली. देशाची सेंद्रिय निर्यात २०२०-२१ मध्ये सुमारे १०४ कोटी डॉलरवर गेली होती. ती २०२३-२४ मध्ये ५० कोटी डॉलरच्याही खाली आली. भारतीय प्रमाणीकरणाला मान्यता देण्याचा करार अमेरिकेने २०२१ मध्ये संपुष्टात आणला. युरोपीय संघानेही तिळातील इथिलीन ऑक्साईडच्या अंशानंतर काही भारतीय प्रमाणीकरण संस्थांची मान्यता काढून घेतली. घसरणीची कारणे अनेक असली, तरी प्रमाणपत्रावरचा विश्वास उडाला, की प्रामाणिक शेतकऱ्याचा मालही अडतो, हे यातून दिसले. नाशिकच्या द्राक्ष उत्पादकांना हा अनुभव नवा नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे युरोपच्या बंदरांत कंटेनर अडकले होते.

पुण्याला संधी

परदेशापेक्षा दारातली बाजारपेठ अधिक भरवशाची ठरू शकते, ती याचमुळे. फळे-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. पणन मंडळाच्या पुढाकाराने शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या सेंद्रिय खाद्यपदार्थ नियमांत, वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या लहान उत्पादकाला थेट ग्राहकाला माल विकताना प्रमाणपत्रातून सूट आहे. मात्र, त्याला 'जैविक भारत' हे बोधचिन्ह वापरता येत नाही. त्याच्यासाठी 'पीजीएस' ही सहभागी हमी पद्धत सोयीची आहे. तीत गटातील शेतकरीच एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. खर्च अत्यल्प असतो. पण हे प्रमाणपत्र निर्यातीला चालत नाही, आणि गटाने डोळेझाक केली, तर त्याला किंमत उरत नाही.

इंदापूर तालुक्यातील भोडणी येथील सत्यजित आणि अजिंक्य हंगे या बंधूंनी बॅंकेतील नोकऱ्या सोडून शेतमाल थेट ग्राहकापर्यंत नेण्याचा व्यवसाय उभारला. त्यांचे यश उत्साह वाढविणारे आहे. पण शिक्षण, भांडवल आणि प्रक्रिया उद्योगाचे ज्ञान प्रत्येकाजवळ नसते. सामान्य शेतकऱ्यासाठी व्यवस्था उभी करावी लागेल.

ती अशक्य नाही. आठवडे बाजारात 'पीजीएस' गटांना वेगळे गाळे द्यावेत. त्या मालाचे नमुने अचानक घेऊन कीडनाशकांचे अंश तपासावेत आणि निष्कर्ष तेथेच फलकावर लावावेत. रूपांतरण काळातील मालालाही त्याच नावाने विकू द्यावे आणि सोसायट्यांनी हंगामाची मागणी आगाऊ नोंदवावी. पुण्यापासून मुळशीचे आंबेमोहोर खाचर तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे. ग्राहकाला तेथे जाऊन बांधावर उभे राहता येते. एवढी जवळीक लंडनच्या ग्राहकाला कधीच मिळणार नाही.

चढा दर देण्याची पुणेकरांची तयारी आहे. त्या बदल्यात खरा माल मिळतो का आणि त्यातले किती पैसे शेतापर्यंत पोचतात, या दोन प्रश्नांची उत्तरे जोवर मिळत नाहीत, तोवर 'सेंद्रिय' ही चिठ्ठीच फक्त महाग राहील.