काठ शिल्लक ठेवा

दिवाळी उलटली की वाचकांचा ठरलेला प्रश्न येतो, मायणीच्या तलावावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले का? साताऱ्याहून, विट्याहून, कराडहून लोक विचारतात आणि रविवारी गाडी काढायच्या तयारीनंच विचारतात. माझं सांगणं असतं, आधी तलावात पाणी किती आहे ते बघा.

पाऊसमान बरं झालं, तलाव तुडुंब भरला, म्हणजे आता पक्षी लोटणार, असं सगळ्यांना वाटतं. रोहिताचं तसं नाही. तो उथळ पाण्यात उभा राहतो, मान खाली सोडतो, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो आणि त्यातलं शेवाळ, बारीक किडे, कवचाचे सूक्ष्म जीव खातो. काठोकाठ भरलेल्या तलावात त्याला पाय टेकायला जागा नसते. मग तो जवळच्या येरळवाडीच्या किंवा सूर्याचीवाडीच्या तलावावर उतरतो, तिथंही खोल असेल तर पुढं निघून जातो. शेकाट्या, तुतवार, चमचा, चित्रबलाक यांचंही पोट उथळ पाण्यावर आणि ओल्या चिखलावरच आहे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब पाण्याकाठी विसावतात आणि चरायला शिवारात जातात. पाणी मागं सरतं तशी जी ओली पट्टी उघडी पडते, ती या सगळ्यांची भूमी. शेतकरी गाळपेर करतो तीही तिथंच.

ही पट्टी आपल्या कुठल्याच हिशेबात नाही. मायणीचा तलाव ब्रिटिश काळातला, पर्जन्यछायेतल्या खटावच्या शेतीसाठी बांधलेला. तेव्हा पक्षी कुणाच्या मनात नव्हते. पुढं 2017 मध्ये केंद्रानं पाणथळ जागांचे नियम केले, त्यांत खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळले. म्हणजे हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याला जी जागा पाणथळ वाटते, ती नियमाला वाटत नाही. मला हे मान्य नाही. रामसर यादीत आलेलं महाराष्ट्राचं पहिलं पाणथळ, नांदूरमध्यमेश्वर, तेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळंच तयार झालं आहे.

म्हणून 2021 मध्ये मायणीला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, याचं मोल मोठं आहे. हा दर्जा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा. अभयारण्याइतका कडक नाही, पण त्यात एक फार चांगली तरतूद आहे. राखीव क्षेत्र ज्या गावांच्या हद्दीत येतं, त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी व्यवस्थापन समितीवर घ्यावा लागतो. गावाच्या तोंडून काठाची गोष्ट निघाली तर ती ऐकून घ्यावी लागेल.

ती निघायला हवी, कारण काठ झपाट्यानं जातोय. तलावातला गाळ शेतात टाकायला माझा विरोध नाही. खटाव-माणच्या मुरमाड रानाला त्या मातीची गरज आहे. पण पोकलेनवाल्याला सोयीची जागा असते ती काठाची. तिथं उभा कडा तुटतो, पाणी काठालाच पुरुषभर खोल होतं आणि निमुळता चिखल कायमचा संपतो. गाळ खोलगट भागातून काढा, एका बाजूचा सपाट उतार हात न लावता राहू द्या, एवढंच मागणं आहे. यानं शेतकऱ्याची एक ट्रॉलीसुद्धा कमी होत नाही.

सांगलीकरांनी हे साताऱ्याचं दुखणं समजू नये. येरळा नदी याच खटावातून निघून खानापूर, कडेगाव, तासगावकडून उतरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. तिथून जवळच भिलवडी, औदुंबर. थंडीत ऊन खात पडलेली मगर बघायची असेल तर याच पट्ट्यात. मात्र दुर्बीण घेऊन दूर उभं राहा, पाण्यात पाय घालू नका. मगरींनी इथं माणसं नेली आहेत, त्या घरांचं दुःख मोठं आहे. मगरीची मादी अंडी घालते ती पाण्याच्या वर, उतरत्या काठाच्या मातीत खड्डा करून. आणि कृष्णाकाठची तीच मळीची माती वीटभट्ट्यांसाठी खरवडली जाते. तिथल्या कातरलेल्या दरडीवर ना मगरीला जागा उरते, ना गावच्या जनावरांना पाण्यावर उतरायला वाट.

तेव्हा या हंगामात तलावावर जरूर जा. उजाडायच्या आत पोहोचा, सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा. थवा उडतानाचा फोटो मिळावा म्हणून त्यांच्यावर धावून जाऊ नका, ड्रोन तर नकोच. लांब पल्ल्याच्या प्रवासानंतर ते खायला बसलेले असतात, पुन्हा पुन्हा उठवलं तर जागा सोडतात. आणि परतताना तलावाच्या गावी चहाला थांबाल तेव्हा सरपंचांना किंवा समितीवरच्या सदस्याला विचारा, येत्या उन्हाळ्यात गाळ कुठल्या बाजूनं काढणार? यंत्रं तलावात उतरण्याआधी हे विचारलं पाहिजे.