वॅट नंतर, आधी केस बघा

‘ताई, दोन हजार वॅटचा घेतला,’ असं एखादी मुलगी कौतुकानं सांगते, तेव्हा माझी नजर आधी तिच्या भांगाकडे जाते. भांग रुंद, केस बारीक, शेपटा करंगळीएवढा. या केसांना एवढे वॅट कशाला हवेत? डोंबिवलीत पार्लर चालवताना हे नेहमीचंच झालंय. दुकानदार वॅट सांगतो, आपण वॅट ऐकतो आणि ज्यांच्यासाठी ड्रायर घ्यायचा, त्या केसांचा विषयच निघत नाही.

वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं त्याचा आकडा. हवा किती तापेल आणि केसांवर किती जोरात येईल, हे त्यावरून नेमकं कळत नाही. शिवाय २००० वॅटचा ड्रायर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो आणि आरशाजवळचं साधं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. प्लग चटका बसेल इतका तापतो तो म्हणूनच. एवढा मोठा ड्रायर घ्यायचाच असेल, तर तो गिझरसारख्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा.

आता केसांकडे येऊ. बारीक, विरळ केस लवकर वाळतात आणि लवकरच करपतात. त्यांना १००० ते १२०० वॅटचा, उष्णता कमी-जास्त करता येणारा ड्रायर पुरतो. मान खाली घालून मुळांशी हवा द्यावी, म्हणजे केस भरलेले दिसतात.

दाट, लांब, सरळ केसांचं गणित वेगळं. कमरेपर्यंतचा ओला शेपटा छोट्या ड्रायरनं वाळवायला बसलं, तर सकाळची लोकल चुकलीच म्हणून समजा. इथे १८०० वॅटच्या पुढचं यंत्र आपली किंमत वसूल करतं. मात्र चपट्या तोंडाचं नोझल लावावं, केसांचे भाग पाडावेत आणि हवा मुळाकडून टोकाकडेच सोडावी. केसावर खवल्यांसारखे पापुद्रे असतात, ते त्या दिशेनं बसतात आणि चमक येते. उलट हवा मारली की गुंता ठरलेला.

कुरळ्या केसांवर तर आमच्या धंद्यानं अन्यायच केलाय. कुरळी मुलगी खुर्चीत बसली की ‘सरळ करून देऊ का?’ हा प्रश्न तयारच. खरं तर त्यांना लागतो तो डिफ्यूझर, म्हणजे बोटांसारखी टोकं असलेली पसरट वाटी. ती हवेचा झोत पसरवते, त्यामुळे कुरळ्या बटा विस्कटत नाहीत. डिफ्यूझर नसलेला महागडा ड्रायरही कुरळ्या केसांच्या उपयोगाचा नाही. आधी पंच्यानं खसाखसा पुसू नये, जुन्या सुती टी-शर्टनं दाबून पाणी टिपावं. मग वेग कमी आणि उष्णताही कमी. रंगवलेल्या किंवा स्मूदनिंग केलेल्या केसांनाही हीच कमी उष्णता लागते.

‘आयन’वाल्या ड्रायरसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी थोडं थांबा. आयन कोरड्या हवेत केसांत भरणारी स्थिर वीज कमी करतात. आपल्याकडे जुलैत केस फुलतात ते हवेतल्या दमटपणानं. ब्लो ड्रायनं बसवलेला आकार तो दमटपणा फलाटावर पोहोचेपर्यंत मोडून टाकतो.

‘ड्रायर वाईटच, केस आपोआप वाळू द्यावेत,’ असं सांगणाऱ्या मावश्याही भेटतात. २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी केसांच्या बटा ३० वेळा धुऊन वाळवून पाहिल्या. ड्रायर ५ सेंटिमीटरवर धरला, तर हवा ९५ अंश सेल्सिअस तापली. १५ सेंटिमीटरवर तीच ४७ अंश. जास्त उष्णतेनं केसाचा पृष्ठभाग अधिक खराब झाला, हे अपेक्षितच होतं. पण ज्या बटा नुसत्या हवेवर वाळल्या, त्यांच्या आतल्या थरात बिघाड आढळला, बहुधा केस फार वेळ ओले राहिल्यानं. त्यांचा निष्कर्ष असा, की १५ सेंटिमीटर लांबून आणि सतत हलवत वापरलेला ड्रायर आपोआप वाळवण्यापेक्षा कमी नुकसान करतो. आपल्याकडे बाळंतिणीचे केस धुरीवर धरतात तेही लांबूनच, शेगडीला टेकवून नव्हे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. खोक्यावर वॅटचा ठळक आकडा असतोच. त्याच्याशेजारी १५ सेंटिमीटरवर हवा किती अंश तापते आणि हा ड्रायर कोणत्या केसांसाठी आहे, तेही तितक्याच ठळक अक्षरांत छापा. दिव्याच्या खोक्यावर नुसते वॅट नसतात, उजेड किती पडेल तेही असतं. मग रोज डोक्याजवळ धरायच्या वस्तूबद्दल एवढी माहिती मागणं जास्त नाही.

ती छापली जाईपर्यंत दुकानात ड्रायर सुरू करून मागा. मधल्या उष्णतेवर ठेवून वीतभर लांबून मनगटाच्या आतल्या बाजूवर हवा घ्या. अर्धा मिनिट सहज सोसली तर डोक्याला चालेल. हात मागे घ्यावासा वाटला, तर वॅट कितीही असोत, दुसरा दाखवा म्हणून सांगा.