घरचा हिशेब : दिसणारा आंकडा व असणारा आंकडा

गेल्या संक्रांतीस, सोलापुरांत गड्ड्याच्या यात्रेची धामधूम चालू असतां, आमच्या घरीं एका रुपयावरून तीन दिवस अबोला पडला. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां खर्चाची वही जाऊन तिच्या जागीं संगणकावरील एक्सेलचें कोष्टक आलें आहे; तेव्हां हा प्रसंग त्यांच्या उपयोगीं पडेल, म्हणून सांगतों.

उत्तर कसब्यांतील आमच्या जुन्या वाड्याच्या दुरुस्तीस एक लक्ष रुपये खर्च ठरला व तो आम्ही तिघां भावांनीं सारखा वांटून घ्यावयाचा होता. धाकट्या बंधूंची कन्या एका चादरींच्या कारखान्यांत हिशेब पाहते. तिनें पत्रक तयार केलें. प्रत्येकाच्या नांवासमोर ३३,३३३ आणि खालीं एकूण १,००,०००. आमचे थोरले बंधू तात्या यांची सारी हयात सुताच्या पेढीवर रोजकीर्द व खतावणी लिहिण्यांत गेली. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षींहि ते बेरीज तोंडींच करतात. कागद पाहतांच त्यांनीं विचारिलें, "हा वरचा एक रुपया कोणाचा?" ३३,३३३ ची तिप्पट ९९,९९९ होते, हें खरेंच. मुलगी म्हणाली, "तात्याकाका, बेरीज संगणकानें केली आहे; ती चुकणार नाहीं." "म्हणजे मी चुकलों," एवढें बोलून तात्या उठले, आणि सही राहिली ती राहिलीच.

वस्तुतः दोघेंहि चुकलीं नव्हतीं. कोष्टकाच्या प्रत्येक चौकटींत ३३,३३३.३३३३ असा न संपणारा अपूर्णांक होता. पत्रक सुटसुटीत दिसावें म्हणून मुलीनें दशांशस्थळें लपविलीं होतीं. अशा मांडणीनें आंकडा बदलत नाहीं, त्याचा पोशाख तेवढा बदलतो. संगणक बेरीज करतो ती पोशाखाआंतल्या आंकड्यांची. माणूस करतो ती डोळ्यांस दिसणाऱ्या आंकड्यांची. आंकडा खरोखरच पूर्ण रुपयांत आणावयाचा असेल, तर 'राउंड' हें सूत्र वापरावें लागतें. परंतु तसें केल्यावर एकूण ९९,९९९ च येते, आणि उरलेला रुपया कोणाच्या पदरीं घालावयाचा हें माणसांनींच ठरवावें लागतें. पैसे दाखविले तरी सुटका नाहीं. मग रुपयाऐवजीं एक पैसा उरतो.

तात्यांस हें समजाविलें तेव्हां ते म्हणाले, "आणे-पैच्या दिवसांत हा तंटा झालाच नसता." आम्हांस प्रथम हा वृद्धाचा हेका वाटला, पण हिशेब करून पाहिला तो बरोबर! रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्याचा तिसरा हिस्सा ६४ पै, अर्थात् ५ आणे ४ पै. शेष कांहीं नाहीं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि शंभरास तिहींनीं भाग जात नाहीं. दशमान पद्धतीचे फायदे आम्ही नाकारीत नाहीं. तथापि तीन भावांच्या घरीं १९२ हा आंकडा अधिक सोयीचा होता, हें कबूल केलें पाहिजे.

दुसरी गोष्ट मुलीनेंच सांगितली, बहुधा तात्यांस हंसविण्यासाठीं. एका पौंडांत ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तो सुताचा नंबर. आणि दहा नंबरी सूत दुपदरी असेल तर तें २/१० असें लिहितात. कारखान्यांत रुजू झाल्यावर तिनें तसेंच कोष्टकांत टंकिलें, आणि पाहते तों साऱ्या गोदामांत गांधीजयंती! संगणकानें तें २ ऑक्टोबर असें वाचलें होतें. येथें मात्र पोशाख नव्हे, आंतला आंकडाच बदलला होता. एक्सेल तारीख साठवितें ती १९०० सालापासून मोजलेल्या दिवसांच्या संख्येनें. म्हणून मागाहून मांडणी बदलावयास गेल्यास पंचेचाळीस हजारांच्या पुढची एक अगम्य संख्या हातीं येते, २/१० परत येत नाहीं. मोठमोठे शास्त्रज्ञहि यांतून सुटले नाहींत. मानवी जनुकांपैकीं कांहींचीं संक्षिप्त नांवें 'मार्च १', 'सेप्ट १' अशीं होतीं. त्यांच्या तारखा होऊं लागल्या, तेव्हां जनुकांचें नामकरण करणाऱ्या समितीनें तीं नांवेंच बदलल्याचें २०२० सालच्या आपल्या नियमांत नमूद केलें.

यावर उपाय असा, कीं टंकण्यापूर्वींच त्या चौकटीची मांडणी 'टेक्स्ट', म्हणजे मजकूर, अशी ठरवावी. ज्यांची बेरीज करावयाची ते आंकडे. ज्यांची बेरीज करण्याचें कोणाच्या स्वप्नींहि येणार नाहीं, तीं अंकांनीं लिहिलेलीं नांवें. बँकेचा खातेक्रमांक, आधारचा क्रमांक, दूरध्वनि, हीं सर्व नांवेंच होत. तीं आंकडे म्हणून घातल्यास आरंभींचें शून्य गळून पडतें, आणि पंधरांपुढच्या अंकांच्या जागीं शून्यें येतात, तीं कायमचीं. उलट, घरखर्चाची रक्कम चुकून मजकूर झाली तर ती बेरजेंतून गुपचूप वगळली जाते. चौकटींत डावीकडे टेकून बसलेली रक्कम दिसली कीं संशय घ्यावा.

लक्ष-कोटींचे स्वल्पविराम न येतां १००,००० असें दिसत असेल, तर संगणकाच्या प्रदेशाच्या नोंदींत 'भारत' निवडावें. नुसत्या ##### अशा जाळ्या दिसल्यास भिऊं नये. बहुधा रकाना अरुंद असतो, तो रुंद केला कीं झालें.

चौथे दिवशीं मुलीनें पत्रक पुनः छापलें. दोघांच्या नांवें ३३,३३३ आणि एकाच्या नांवें ३३,३३४. तो जास्तीचा रुपया तात्यांनीं, आपण थोरले म्हणून, स्वतःकडे मागून घेतला. मग तांबड्या पेन्सिलीनें प्रत्येक ओळीवर खूण करीत त्यांनीं तोंडीं बेरीज केली, सही केली, आणि मुलीस विचारिलें, "हें 'राउंड'चें सूत्र कोठें लिहितात, तें मला दाखव पाहूं."