दोन ‘ब्रेक पॉइंट’ आणि टेनिसची न दिसलेली बाजू

निपाणी-बेळगाव पट्ट्यात खेळाचा विषय निघाला की गप्पा क्रिकेटवरून कुस्तीवर जातात आणि तिथेच रंगतात. टेनिस हा इथे मोजक्या कोर्टांपुरता खेळ. तरीही टेनिसवरच्या दोन माहितीपट-मालिका या भागातल्या प्रेक्षकाने एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. दोन्हींचं नाव एकच, ‘ब्रेक पॉइंट’. एक नेटफ्लिक्सची, दुसरी झी५ची.

नेटफ्लिक्सच्या मालिकेचा गाजावाजा मोठा होता. फॉर्म्युला वन शर्यतींवरची ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ बनवणाऱ्या बॉक्स टू बॉक्स फिल्म्सचीच ही निर्मिती. पहिले पाच भाग १३ जानेवारी २०२३ला आले आणि तीन दिवसांत ऑस्ट्रेलियन ओपन सुरू झाली. या भागांत झळकलेला एकही खेळाडू तिथे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला नाही. किर्गिओसने गुडघ्याच्या दुखापतीमुळे माघार घेतली, रूड आणि जाबेर दुसऱ्याच फेरीत हरले, ओजे-अलियासिम चौथ्या फेरीत. ‘नेटफ्लिक्सचा शाप’ ही चर्चा जगभर रंगली, पण मालिका म्हणून ती कशी आहे हा प्रश्न मात्र त्या गमतीत मागे पडला.

समीक्षकांनी त्याचं उत्तर दिलं, आणि ते बहुतांशी बरोबर होतं. चित्रण देखणं, पण खेळाडू तोलूनमापून बोलतात आणि प्रत्यक्ष टेनिस फार कमी दिसतं. एखादा गुण कसा रचला गेला, डावखुऱ्याच्या सर्व्हिसवर परतीचा फटका कुठे मारायचा, हे कळायच्या आत पडद्यावर प्रशिक्षकाचा चिंताग्रस्त चेहरा येतो. बेळगावच्या आनंदवाडीतल्या कुस्तीच्या आखाड्याभोवती बसलेल्या माणसाला पैलवानाच्या डोळ्यांतलं पाणी नंतर दाखवलं तरी चालतं. आधी डाव कसा लागला ते दिसायला हवं. २०२४च्या दुसऱ्या पर्वात टेनिसपटू झ्वेरेव्हच्या दुखापतीची आणि पुनरागमनाची कहाणी आली. त्याच्यावरच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या आरोपांचा त्यात उल्लेखही नव्हता. झ्वेरेव्हने ते आरोप नाकारले होते, तरी माहितीपटाने विषयालाच बगल द्यावी, ही टीका रास्त होती. त्याच वर्षी मार्चमध्ये मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं.

झी५ची मालिका याआधीची, १ ऑक्टोबर २०२१ची. दिग्दर्शन अश्विनी अय्यर तिवारी आणि नितेश तिवारी यांचं, भाग सात, विषय लिअँडर पेस आणि महेश भूपती. लिअँडरचे वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे, १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलेल्या हॉकी संघातले. महेशचं घर बेंगळुरूचं. म्हणजे बेळगावच्या एका बाजूला एकाचं मूळ गाव आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं घर.

१९९९मध्ये या जोडीने चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची अंतिम फेरी गाठली आणि फ्रेंच ओपन व विम्बल्डन जिंकलं. मग फाटलं. दोघं तुटले, पुन्हा एकत्र आले, पुन्हा तुटले. या मालिकेला दाद मिळाली ती मुख्यतः दोघांनी इतक्या वर्षांनी कॅमेऱ्यासमोर आपापली बाजू मांडली म्हणून. सात भाग लांबतात हे खरं, काही ठिकाणी भावना मुद्दाम ताणल्यात हेही खरं. पण एकाच प्रसंगाबद्दल दोन शहाणी माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दिग्दर्शक न्यायनिवाडा करत नाहीत, ही या मालिकेची कमाई. अथेन्स ऑलिम्पिक, २००४. कांस्यपदकाचा सामना, समोर क्रोएशियाचे आंचिच आणि ल्युबिचिच. तिसरा सेट १६-१४ असा गेला आणि हे दोघे रिकाम्या हाताने परतले. बोलणंचालणं बिनसलेली दोन माणसं त्या दिवशी एकाच बाजूला उभी राहून अखेरपर्यंत झुंजली, हे कळल्यावर त्या आकड्यांकडे पुन्हा पाहावंसं वाटतं.

दोन्ही मालिकांत एक मोठी जागा मात्र रिकामी आहे, ती पैशांची. सप्टेंबर २०२३मध्ये भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सुमित नागल याने बँक खात्यात फक्त ९०० युरो, म्हणजे जेमतेम ऐंशी हजार रुपये, उरल्याचं सांगितलं. प्रवास, प्रशिक्षक, हॉटेल यांतच सगळी कमाई जाते. हा नागल लहानपणी महेश भूपतीच्याच योजनेतून बेंगळुरूला शिकायला आला होता. नेटफ्लिक्सचं दुसरं पर्व १० जानेवारी २०२४ला आलं. त्यानंतर आठवडाभरातच नागलने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा १९८९च्या रमेश कृष्णननंतरचा हा पहिला भारतीय. यापेक्षा नाट्यमय भाग कोणता पटकथाकार लिहिणार?

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा तालुक्यातलं यवलूज निपाणीहून फार दूर नाही. तिथली ऐश्वर्या जाधव २०२२मध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळली. गावातली मुलगी गवताच्या कोर्टापर्यंत कशी पोहोचते, रॅकेटच्या तारा बदलायचा खर्च घर कसं उचलतं, मुलीच्या खेळासाठी आईवडील काय काय सोडतात, याचा माहितीपट मराठीत व्हायला हवा. कोल्हापूर, सांगली, बेळगावात कॅमेरा हाताळणारी तरुण मंडळी आज भरपूर आहेत. त्यांनी हा विषय घ्यावा, आणि घेतला तर निदान एक तरी सामना पहिल्या सर्व्हिसपासून शेवटच्या गुणापर्यंत दाखवावा.