मंत्र्याचें उत्तर आणि कारकुनाचें बिऱ्हाड

बदलीचा हुकूम ही वस्तु आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं केव्हां ना केव्हां येऊन गेलेली असेल. कागदावर तो चार ओळींचा असतो. परंतु त्या चार ओळींनीं मुलांची शाळा बदलते, वृद्ध मातापितरांचा नेहमींचा डॉक्टर अंतरतो, शेजार सुटतो, आणि जमलेला संसार पुन्हां पेट्यांत भरावा लागतो. गृहिणीहि नोकरी करणारी असली म्हणजे एकाच्या बदलीनें दोघांच्या चाकरीचा प्रश्न उभा राहतो. एका गृहस्थाच्या बदलीनें जर इतकें होतें, तर सरकारनें आपल्या राजधानीचीच बदली करावयाचें मनांत आणल्यास काय होईल? तुघलकाच्या देवगिरीची आठवण येथें कोणासहि होईल. परंतु आज आम्ही जें उदाहरण घेणार आहों, तें सुलतानाचें नसून एका लोकशाहीचें आहे, आणि म्हणूनच तें अधिक विचार करण्यासारखें आहे.

तें उदाहरण आयर्लंडचें. हा देश आपणांस सर्वस्वीं परका नाहीं. आपल्या राज्यघटनेंतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली आहे, आणि सभागृहांत मंत्र्यांस प्रश्न विचारण्याची पद्धति त्या देशानें व आपण एकाच इंग्रज गुरूकडून उचलली आहे. २००२ च्या शिरगणतींत आयर्लंडची लोकसंख्या सुमारें ३९ लाख भरली. तींपैकीं ११ लाखांहून अधिक माणसें एकट्या डब्लिन परगण्यांत राहत होतीं. ह्या शहरानें आपल्या ट्रामगाड्या १९४९ सालीं मोडींत काढल्या होत्या, आणि हारकोर्ट स्ट्रीटचा उपनगरी लोहमार्गहि १९५८ च्या अखेरीस बंद केला होता. पुढें भरभराटीचे दिवस आले, घरांच्या किंमती चढल्या, नोकरदार माणूस शहरापासून दूर दूर राहावयास गेला, आणि रोज सकाळीं मोटारींच्या रांगेंत त्याचे तास झिजूं लागले. उलट पश्चिमेकडील लहान गांवांस आपलीं शिकलेलीं मुलें नोकरीअभावीं परत मिळत नव्हतीं.

ह्या दोन्ही दुखण्यांवर एकच मात्रा काढण्यांत आली. ३ डिसेंबर २००३ रोजीं अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही ह्यांनीं अंदाजपत्रकाच्या भाषणांत ती जाहीर केली. १०,३०० सरकारी नोकर डब्लिनबाहेर ५३ ठिकाणीं पाठवावयाचे, आठ खात्यांचीं मुख्य कार्यालयेंहि न्यावयाचीं, आणि हें सर्व तीन वर्षांत उरकावयाचें, अशी ती योजना होती. सक्ती कोणावरहि नाहीं, राजी असतील तेच जातील, असें आश्वासनहि दिलें गेलें. हेतु दोन्ही चांगले होते, आणि त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु एकच वर्ष आधीं त्याच सरकारनें, कोणतीं शहरें वाढवावीं ह्याविषयींचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला होता. आणि ५३ गांवांच्या यादीचा त्या आराखड्याशीं मेळ बसेना. पंगतींत प्रत्येकाच्या पानांत थोडें थोडें पडावें, तशा कचेऱ्या वाढल्या गेल्या होत्या.

आतां ह्या गोष्टींत वाहतूक-मंत्र्याचा संबंध कसा येतो तें पाहूं. आयर्लंडच्या लोकसभेस डॉल म्हणतात. तेथें मंत्री पाळीपाळीनें तोंडी प्रश्नांस उत्तरें देतात, आणि लेखी प्रश्न तर वर्षाकाठीं हजारोंनीं विचारले जातात. सप्टेंबर २००४ पर्यंत शेमस ब्रेनन व त्यानंतर मार्टिन कलन हे ह्या खात्याचे मंत्री होते. त्यांच्यापुढें येणारे प्रश्न मुख्यतः दोन जातींचे. राजधानींतल्या माणसास कामावर वेळेवर पोंचवणारें वाहन केव्हां मिळणार, ही एक जात. आणि खात्याच्या कचेऱ्या बाहेरगांवीं केव्हां जाणार, जावयास किती नोकर राजी आहेत, ही दुसरी. पहिल्या जातीच्या प्रश्नांस सांगण्यासारखें कांहीं तरी होतें. 'लुअस' नांवाच्या ट्रामचे दोन मार्ग २००४ सालीं सुरू झाले. त्यांतला एक तर १९५८ सालीं बंद केलेल्या हारकोर्ट स्ट्रीटच्या जुन्या वाटेवरूनच जातो. मात्र ते दोन मार्ग एकमेकांस मिळत नव्हते. ते जोडले गेले २०१७ सालीं. १ नोव्हेंबर २००५ रोजीं दहा वर्षांत ३४.४ अब्ज युरो खर्चावयाची 'ट्रान्सपोर्ट २१' ही योजना पुढें आली, आणि तींत विमानतळाकडे जाणारी मेट्रोहि होती.

दुसऱ्या जातीचे प्रश्न अधिक अवघड. वाहतूक-खात्याची एक शाखा गॉलवे परगण्यांतील लॉक्रे ह्या गांवीं न्यावयाची होती. लॉक्रेस १८९० सालीं ॲटिमनहून सुमारें नऊ मैलांचा लोहमार्गाचा फांटा आला होता. तो १९७५ सालीं बंद करण्यांत आला. म्हणजे वाहतुकीच्याच खात्याची कचेरी अशा गांवीं निघाली कीं जेथें आगगाडी जात नव्हती! सरकारी मोटारबस-मंडळाची कचेरी मिचेल्सटाउन येथें जावयाची ठरली. तेथेंहि लोहमार्ग उरला नव्हता. राजधानींतील मोटारींची गर्दी कमी व्हावी म्हणून कचेरी हलवावयाची, आणि नव्या ठिकाणीं कारकुनास मोटारीवांचून गत्यंतर ठेवावयाचें नाहीं, ही विसंगति त्या दोन जातींचे प्रश्न शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजेच डोळ्यांत भरते. एरवीं एकाचें उत्तर एका फायलींत व दुसऱ्याचें दुसऱ्या फायलींत पडून राहतें.

सक्ती नाहीं, ह्या आश्वासनाचाहि एक अनपेक्षित परिणाम झाला. ज्याला आपल्या मूळ गांवाकडे परतावयाचें, त्यानें तेथें जें खातें जाणार असेल त्यांत अर्ज करावयाचा. त्यामुळें गांवास माणसें मिळालीं तरी तीं त्या खात्याचें काम जाणणारीं असतीलच असें नव्हे. आणि ज्यांना काम ठाऊक, तीं आपल्या बिऱ्हाडांसह डब्लिनांतच राहिलीं. सामान्य कारकुनाची अदलाबदल एक वेळ होईल. परंतु राष्ट्रीय मार्ग-मंडळ बॅलिनस्लो येथें न्यावयाचें ठरल्यावर तेथल्या स्थापत्यविशारदाची अदलाबदल कोणाशीं करावयाची? बीस वर्षांचा अनुभव पेटींत भरून पाठवितां येत नाहीं. आणि तो विशारद न गेल्याबद्दल त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याची पत्नी डब्लिनांत नोकरीस, मुलें तेथल्या शाळेंत. शासनाच्या हिशेबांत तो एक पद असतो. घरच्या हिशेबांत तो एक कुटुंब असतो.

मंत्र्यांचीं उत्तरें नेहमींच सरळ असतात असें कोणी समजूं नये. प्रश्न बसगाडीच्या वेळेचा असो कीं मार्गाचा, हा त्या मंडळाच्या दैनंदिन कारभाराचा विषय आहे, मंत्र्याचा नव्हे, असें सांगून हात झटकण्याची वहिवाट तेथेंहि आहे आणि येथेंहि आहे. आयर्लंडांतील मांसव्यापाराच्या गैरप्रकारांची १९९१ ते १९९४ ह्या काळांत चौकशी करणारे न्यायमूर्ति हॅमिल्टन ह्यांनीं तर, डॉलमधील प्रश्नांस नीट उत्तरें मिळालीं असतीं तर ह्या चौकशीची गरजच पडली नसती, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. तथापि प्रश्नाचें सामर्थ्य एका उत्तरांत नसून पुनःपुन्हां विचारण्यांत असतें. किती गेले, किती राजी आहेत, हें दर पाळीस विचारलें म्हणजे आंकडे द्यावे लागतात. आणि एका वर्षाचा आंकडा पुढल्या वर्षाच्या आंकड्याशेजारीं ठेवला म्हणजे भाषणांतील तीन वर्षांची मुदत कशी लांबत आहे तें कोणासहि दिसतें.

तसेंच झालें. २००८ सालीं आर्थिक संकट आलें व पुढील स्थलांतरें थोपविण्यांत आलीं; आणि नोव्हेंबर २०११ मध्यें मंत्री ब्रेंडन हौलिन ह्यांनीं ही योजनाच रद्द केली. तोंवर ठरलेल्या संख्येच्या एकतृतीयांशाच्या आसपासच पदें हललीं होतीं. त्याच महिन्यांत डब्लिनची मेट्रोहि बाजूस ठेवण्यांत आली. ती अप्रिय वार्ता सांगण्याचें काम ज्या वाहतूक-मंत्र्यांच्या वांट्यास आलें, ते लिओ वराडकर. मालवण तालुक्यांतील वराड हें त्यांच्या वडिलांचें मूळ गांव. पुढें २०१७ सालीं ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या अखेरीस वराडास येऊनहि गेले, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. डब्लिनच्या विमानतळास अद्यापि आगगाडी पोंचलेली नाहीं.

ह्यावरून कचेऱ्या हलवूंच नयेत असा निष्कर्ष मात्र आम्ही काढीत नाहीं. लॉक्रे येथें वाहतूक-खात्याची मालवाहू व प्रवासी मोटारींच्या व्यवसायास परवाने देणारी शाखा काम करीत आहे. २००६ सालीं स्थापन झालेलें मार्गसुरक्षा-मंडळ मेयो परगण्यांत बॅलिना येथें आहे. त्या गांवास आगगाडीचा फांटा अजून शाबूत आहे. नवें काम नव्या गांवीं उभारलें तर तें तेथें मूळ धरतें. चालू काम मुळासकट उपटून नेलें तर तें सुकण्याचें भय असतें, एवढाच ह्याचा बोध.

हा बोध घेण्यास आपणांस आयर्लंडपर्यंत जाण्याची तरी काय गरज? मुंबईची दाटी कमी करण्यासाठीं १९७० सालीं सिडको स्थापन होऊन खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याचें काम सुरू झालें. राज्यकारभाराचा कांहीं भाग तिकडे नेल्यानें लोकहि जातील, अशी आशा होती. बेलापुरास कोकण भवन उभें राहिलें खरें. परंतु मंत्रालय आपल्या जागींच राहिलें, नरिमन पॉइंटावर कचेऱ्यांचे उंच उंच मजले चढतच गेले, आणि खाडी ओलांडून वाशीपर्यंत आगगाडी आली ती १९९२ सालीं. मधलीं वीसबावीस वर्षें जीं कुटुंबें तिकडे राहावयास गेलीं, त्यांनीं नव्या शहराची किंमत रोजच्या प्रवासांत मोजली. आगगाडी आल्यावर मात्र वस्ती कशी वाढली तें आपण पाहतोंच आहों.

म्हणून कचेरी हलविण्याचा बेत निघेल तेव्हां, तो कोणत्याहि पक्षाचा असो, तीन साधे प्रश्न सभागृहांत विचारले गेले पाहिजेत असें आम्हांस वाटतें. तेथें जावयास गाडी कोणती? जाणाऱ्या माणसाच्या मुलांस शाळा, आईबापांस दवाखाना आणि पत्नीस काम मिळण्याची सोय काय? आणि जो जाणार नाहीं, त्याचें ज्ञान कोणाच्या हवालीं करणार? ह्या प्रश्नांचीं उत्तरें तारखा व आंकडे घालून मिळेपर्यंत प्रतिनिधींनीं ते सोडूं नयेत, आणि प्रतिनिधींनीं ते विचारले कीं नाहीं, ह्यावर आपण मतदारांनीं लक्ष ठेवावें. मंत्री पांच वर्षांनीं आसनावरून उठतो. त्याच्या उत्तरावर विसंबून ज्यानें बिऱ्हाड हलविलें, त्याला त्याच गांवीं उरलेली नोकरी काढावयाची असते.