कूतचा अपुरा हिशेब

सहाव्या पूना डिव्हिजनचा इतिहास बहुधा एका सेनापतीच्या चुकीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. टाउनशेंड बगदादच्या रोखाने फार पुढे गेला, मागे फिरला, कूत येथे वेढला गेला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनिशी त्याने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. वस्तुतः ही कथा तलवारीपेक्षा खतावणीची अधिक आहे.

नोव्हेंबर १९१४ मध्ये ही फौज बसऱ्यास पोहोचली, तेव्हा तिच्या तिन्ही ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती : १०३, ११० आणि ११७. शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये. बसऱ्याच्या वर रेल्वे नव्हती, धड रस्ता नव्हता. तैग्रिस नदी हीच काय ती वाट. फौज जसजशी पुढे सरकली तसतशा आगबोटी वाढावयास हव्या होत्या. हिंदुस्थान सरकारने नेमकी तेथेच काटकसर केली. टेसिफॉनच्या लढाईतील जखमी बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीवर आणले गेले आणि उघड्या बोटींत कित्येक दिवस कुजत पडले. १९१७ च्या चौकशी आयोगाने या अनास्थेवर कठोर ताशेरे ओढले, भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. बोटींसाठी ज्या तिजोरीत पैसा नव्हता, तिच्याच नावे त्याच वर्षी १० कोटी पौंडांची ‘देणगी’ साम्राज्याच्या युद्धखर्चास देण्यात आली!

शरणागतीनंतर शिपायांना वाळवंटातून पायी हाकलण्यात आले. कित्येकांना रेल्वेच्या बांधकामावर राबविले गेले, हजारो मेले. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखाने राहिला. त्याला ‘सर’ ही पदवीही मिळाली.

या राजवटीस हिशेब ठेवता येत नव्हता असे मात्र नाही. नाकाडोंगरी ज्या तुमसर तालुक्यात आहे, तेथील मँगनीज पोलादासाठी परदेशी जाई. भंडारा जिल्ह्यातून किती टन निघाले, याचे आकडे सरकारी अहवालांत दरसाल छापले जात. माणसांचा हिशेब कसा ठेवला? बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायाचे नाव तेथे कोरले गेले. हिंदी शिपायाच्या वाट्यास पलटणीच्या नावाखालचा आकडा आला. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने हा भेदभाव २०२१ साली स्वतःच मान्य केला. महाराष्ट्रातील गावोगावच्या संगमरवरी पाट्याही तशाच : अमुक इतके गेले, अमुक इतके परतले नाहीत.

केवळ लंडनला बोल लावून हे प्रकरण मिटत नाही. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांतून पंजाबच्या ३,२०,००० सैनिकांची माहिती २०२१ पासून अभ्यासकांनी उघड करण्यास आरंभ केला. मराठा पलटणींची भरती सातारा, रत्नागिरी या मुलखातली. तेथील पाट्या, पेन्शनीची कागदपत्रे आणि घरोघरची पदके यांवरून नावांची यादी करण्याचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडे सोपविता येईल. त्यास फार निधी लागत नाही. मात्र पाट्यांवरील अक्षरे दर पावसाळ्यात पुसट होत आहेत.